लांब पल्ल्याचा विमानप्रवास: तिकीट काढण्यापासून पहिल्या रात्रीपर्यंतची तयारी

विमान ३५ हजार फुटांच्या आसपास उडतं, पण आत बसलेल्या माणसाचं शरीर त्या वेळी एका डोंगरावर असतं. केबिनमधला हवेचा दाब जमिनीवरच्या इतका ठेवत नाहीत. साधारण ६ ते ८ हजार फूट उंचीच्या डोंगरमाथ्यावर असतो तेवढाच तो असतो. तिथली हवाही कोरडी ठणठणीत, आर्द्रता बहुतेक वेळा २० टक्क्यांच्याही खाली. त्यात इंजिनांची न थांबणारी घरघर, बारा-पंधरा तास एकाच खुर्चीत बसणं, आणि शेवटी घड्याळाचे काटे सहा-आठ तास इकडे किंवा तिकडे. उतरल्यावर अंग आंबून जातं, पाय सुजतात, घसा कोरडा पडतो, डोकं जड होतं ते या पाच गोष्टींमुळे.

मी हा प्रवास बऱ्याचदा केला आहे, कधी एकटीने, कधी आईला सोबत घेऊन. माझं निरीक्षण असं, की बहुतेक जण महिनाभर सामानाची तयारी करतात आणि शरीराची एक दिवसही करत नाहीत. म्हणून इथे सामानाबद्दल गरजेपुरतंच लिहिते. भर आहे तो या पाच गोष्टींना कसं तोंड द्यायचं यावर.

तिकीट काढताना

भाडं सगळेच पाहतात. त्यासोबत पोहोचण्याची वेळ पाहा. संध्याकाळी पोहोचणारं विमान मला सगळ्यात मानवतं: मुक्कामी जायचं, हलकं काहीतरी खायचं आणि तिथल्या रात्रीबरोबर झोपायचं. सकाळी सहाला पोहोचलात तर न झोपलेल्या शरीराला अख्खा दिवस ओढत न्यावं लागतं, आणि खोली दुपारशिवाय ताब्यात मिळत नाही.

थेट विमान की मध्ये थांबणारं? सिंगापूर ते न्यूयॉर्क हा थेट प्रवास सुमारे १५ हजार ३०० किलोमीटरचा आहे आणि त्याला १८ तासांहून जास्त लागतात. इतकं सलग बसणं सगळ्यांना झेपत नाही. गुडघे किंवा कंबर दुखणाऱ्यांना, वयस्कर माणसांना मध्ये अडीच-तीन तासांचा थांबा बरा पडतो. पाय मोकळे होतात, नीट तोंड धुता येतं. याउलट मूल लहान असेल तर मी थेट विमानच घेईन, कारण मोठ्या मुश्किलीने झोपलेल्या मुलाला उठवून दुसऱ्या विमानात चढवणं फार जिवावर येतं. थांबा घेतलात तर संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असू द्या. दोन वेगळी तिकिटं असली आणि पहिलं विमान उशिरा पोहोचलं, तर दुसऱ्या कंपनीवर तुम्हाला पुढे नेण्याची जबाबदारी सहसा नसते. मधल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, टर्मिनल बदलावं लागतं का, हेही पैसे भरण्याआधीच बघा.

विमान कुठलं आहे हे तिकीट काढतानाच दिसतं, पण तिकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० यांचा सांगाडा मोठ्या प्रमाणात कार्बन-तंतूंच्या मिश्रपदार्थाचा आहे. तो जास्त दाब सोसतो आणि ओलाव्याने गंजत नाही. त्यामुळे या विमानांत केबिनची ‘उंची’ ६ हजार फुटांच्या आसपास ठेवता येते आणि हवाही जरा ओलसर असते. भाडं सारखंच असेल तर मी डोळे मिटून यांपैकी एक निवडते.

सीट: सगळ्यात जास्त विचार इथे करा

इकॉनॉमीत पुढच्या आणि आपल्या सीटमधलं अंतर साधारण ३१-३२ इंच, रुंदी १७-१८ इंच. ही मापं आपल्या हातात नाहीत; कुठे बसायचं ते बऱ्याचदा असतं.

आधी स्वतःला ओळखा. बसल्या बसल्या डोळा लागतो, मध्ये उठावं लागत नाही, असं असेल तर खिडकी घ्या. डोकं टेकायला भिंत मिळते आणि शेजाऱ्याला वाट देण्यासाठी झोपमोड होत नाही. पाय आखडत असतील, लघवीला वारंवार जावं लागत असेल, गरोदर असाल, तर मार्गिकेजवळची सीट. दहा तासांच्या वरच्या प्रवासाला मी स्वतः मार्गिकाच घेते. खिडकीतलं दृश्य पहिला आणि शेवटचा अर्धा तास असतं. मधले बारा तास कुणालाही न विचारता उठता येणं मला जास्त मोलाचं वाटतं.

त्यातही एक खुबी आहे. बहुतेक मोठ्या विमानांत सीट तीन गटांत असतात: ७८७ मध्ये ३-३-३, ७७७ मध्ये बहुधा ३-४-३. खिडकीच्या गटातली मार्गिकेची सीट घेतलीत तर आतल्या दोघांना बाहेर पडायला तुमच्यावरूनच जावं लागतं. मधल्या गटातली मार्गिकेची सीट घेतलीत तर फार तर एकाच शेजाऱ्याला वाट द्यावी लागते, बाकीचे पलीकडून जातात. दोघं मिळून जात असाल तर ए३३० सारखं २-४-२ मांडणीचं विमान शोधा. खिडकीजवळ दोघांचीच जोडी, तिसरा कुणी नाही.

पंखांजवळच्या रांगांत हेलकावे कमी जाणवतात, शेपटीकडे जास्त. इंजिनांच्या पुढच्या रांगा मागच्यांपेक्षा शांत असतात. शेवटची रांग आणि संकटकालीन दाराच्या लगेच पुढची रांग टाळा. तिथल्या सीटची पाठ बऱ्याचदा मागे जातच नाही. स्वच्छतागृह आणि खानपानाची जागा यांच्या शेजारीही झोप लागणं कठीण. प्रत्यक्ष संकटकालीन दाराजवळ पाय पसरायला भरपूर जागा असते, पण गरज पडली तर दार उघडायला मदत करू शकेल अशाच धडधाकट प्रौढ माणसाला तिथे बसवतात. भिंतीमागची पहिली रांग लोकांना फार आवडते. तिथे समोरून कुणी सीट पाडत नाही हे खरं, पण पायाखाली बॅग ठेवता येत नाही, टेबल सीटच्या हातातून (हात टेकायच्या दांड्यातून) निघत असल्याने सीट थोडी अरुंद होते आणि तान्ह्या बाळांचे पाळणे त्याच भिंतीला लावतात. बाळ तुमचं असेल तर मात्र तीच जागा तिकीट काढताच मागून घ्या. पाळण्याला वजनाची मर्यादा असते, ती कंपनीला विचारा.

सीटसाठी जादा पैसे भरायचे नसतील तर ऑनलाइन चेक-इन सुरू होताच करा. बहुतेक कंपन्या ते सुटण्याच्या २४ किंवा ४८ तास आधी उघडतात, आणि चांगल्या सीट पहिल्या तासाभरात जातात.

तीन-चार आठवडे आधी: डॉक्टर, औषधं, कागद

अलीकडे शस्त्रक्रिया झाली असेल, पूर्वी पायात रक्ताची गुठळी झाली असेल, कॅन्सरचे उपचार चालू असतील, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, गरोदर असाल किंवा नुकतंच बाळंतपण झालं असेल, हृदय किंवा फुप्फुसाचा आजार असेल, तर डॉक्टरांना भेटल्याशिवाय निघू नका. बसून राहिल्याने पायांच्या खोल शिरांत गुठळी होण्याचा धोका अशा माणसांना जास्त असतो. शिवाय कमी दाबाच्या हवेत रक्तातला ऑक्सिजन थोडा उतरतो. धडधाकट माणसाला ते कळतही नाही, फुप्फुस कमजोर असलेल्याला कळतं. गरोदरपणात एक बाळ असेल तर साधारण ३६ आठवड्यांपर्यंत आणि जुळी असतील तर ३२ आठवड्यांपर्यंत बहुतेक कंपन्या नेतात. २८ आठवड्यांनंतर बऱ्याच ठिकाणी डॉक्टरांचं पत्र मागतात.

औषधं सगळीच्या सगळी हातातल्या बॅगेत. हे मी कळवळून सांगते. एकदा आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या आम्ही मोठ्या बॅगेत ठेवल्या आणि ती बॅग आमच्यासोबत पोहोचलीच नाही. परक्या शहरात रात्री अकरा वाजता चिठ्ठीशिवाय त्या गोळ्या मिळवताना जो जीव टांगणीला लागला, तो मी विसरलेले नाही. तेव्हापासून प्रवासाचे दिवस अधिक एक आठवडा एवढा साठा, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि चिठ्ठीवर औषधाचं मूळ रासायनिक नाव. व्यापारी नाव दुसऱ्या देशात कुणाला कळत नाही. इन्सुलिन तर सामानकक्षात मुळीच ठेवू नये, तिथे ते गोठून निकामी होऊ शकतं. सर्दी-खोकल्याची आणि वेदनाशामक अशी काही साधी वाटणारी औषधं काही देशांत बंद आहेत. जायच्या देशाचे नियम तपासा.

कागदांचं थोडक्यात: पासपोर्टची मुदत परतीनंतर निदान सहा महिने शिल्लक असावी, कारण अनेक देश तसं मागतात. व्हिसा, विमा आणि पत्ते यांची एक छापील प्रत जवळ ठेवा. मोबाइलची बॅटरी नेमकी रांगेत संपते. खास जेवण हवं असेल तर निदान ४८ तास आधी नोंदवा. ते सहसा सगळ्यांच्या आधी वाढतात, म्हणजे लवकर झोपायलाही मोकळे.

तीन दिवस आधी: घड्याळ सरकवायला घ्या

जेटलॅग म्हणजे थकवा नव्हे. आपल्या शरीराचं घड्याळ निघालेल्या गावाच्या वेळेवर चालू राहतं आणि सूर्य नव्या गावाच्या वेळेवर उगवतो, तो हा विसंवाद. घड्याळ जुळायला पूर्वेकडे जाताना ढोबळमानाने दर तासाच्या फरकाला एक दिवस लागतो, पश्चिमेकडे जरा कमी. कारण माणसाचं आतलं घड्याळ मुळातच २४ तासांहून किंचित मोठं असतं. त्याला उशिरापर्यंत जागणं सोपं जातं, लवकर झोपणं जड.

म्हणून पूर्वेला जाणार असाल तर तीन दिवस आधीपासून रोज अर्धा ते एक तास लवकर झोपा, लवकर उठा आणि उठल्याबरोबर उजेडात जा. पश्चिमेला जाणार असाल तर उलट: रोज थोडं उशिरा झोपा आणि संध्याकाळी भरपूर उजेडात राहा. पूर्ण फरक भरून काढायचा नाही. दोन-तीन तास सरकले तरी पहिले दिवस पुष्कळ सुसह्य होतात. फक्त दोन-तीन दिवसांसाठी जात असाल तर हे सगळं सोडून द्या आणि जमेल तितकं घरच्याच वेळेवर राहा. घड्याळ जुळेपर्यंत परतायची वेळ आलेली असते.

निघण्याच्या आदल्या रात्री मात्र पूर्ण झोप घ्या. ‘विमानात झोपू’ म्हणून रात्र सामान भरण्यात घालवणारे विमानात झोपत नाहीत, नुसते पेंगतात. बॅगा दोन दिवस आधी भरून मोकळे व्हा.

पायाखालची पिशवी

मोठ्या बॅगेचे नियम (बहुधा २३ किलोचा एक नग, केबिनमध्ये ७-८ किलो) तिकिटावर असतात, ते पाळा म्हणजे झालं. मला बोलायचंय ते पुढच्या सीटखाली ठेवायच्या छोट्या पिशवीबद्दल. प्रवासात लागणारी प्रत्येक वस्तू या पिशवीत हवी, कारण वरच्या कप्प्यातली वस्तू शेजारी झोपल्यावर असून नसल्यासारखी होते.

- डोळ्यांवरची पट्टी आणि कानातले बोळे, दोन्ही घरी एकदा लावून पाहिलेले
- आवाज मारणारे हेडफोन, जमल्यास तारेसकट. सीटसमोरच्या पडद्याला बऱ्याच विमानांत अजून तारच लागते
- पातळ पण उबदार शाल किंवा स्वेटर, आणि एक जोडी मऊ मोजे
- रिकामी पाण्याची बाटली
- ओठांचं मलम, हाताचं क्रीम, नाकात मारायचा मिठाच्या पाण्याचा फवारा, डोळ्यांचे थेंब
- दात घासायचा ब्रश, छोटी पेस्ट, ओले रुमाल
- दिवसभराची औषधं, चष्मा
- अंतर्वस्त्रांचा एक जोड आणि एक सदरा, बॅग हरवली तर
- चार्जिंगची तार, पेन

द्रव आणि मलमं बहुतेक विमानतळांवर १०० मिलीलीटरपर्यंतच्या बाटल्यांत आणि सगळी मिळून एक लीटरच्या पारदर्शक पिशवीत ठेवावी लागतात. बाटली १५० मिलीची आणि आत ५० मिली उरलेलं असलं तरी ती काढून घेतात, कारण मोजतात ते बाटलीचं माप. लागणारी औषधं आणि बाळाचं दूध यांना सहसा सूट असते. ती आधीच बाहेर काढून दाखवा.

पॉवरबँक फक्त केबिनमध्ये, सामानात कधीच नाही. लिथियमची बॅटरी पेटली तर केबिनमध्ये ती लगेच दिसते आणि विझवता येते, सामानकक्षात ते जमत नाही. मर्यादा १०० वॉट-तासांची. पॉवरबँकेवर छापलेला एमएएचचा (mAh) आकडा ३.७ ने गुणून १००० ने भागला की वॉट-तास निघतात: २०,००० एमएएचची पॉवरबँक ७४ वॉट-तासांची, म्हणजे चालेल. १०० ते १६० मधलीला कंपनीची परवानगी लागते. उड्डाणात पॉवरबँक वापरायला आता अनेक कंपन्या मनाई करतात, तेव्हा फोन आधीच पूर्ण चार्ज करून चढा.

हेडफोनचा एक किस्सा मला आवडतो. ‘बोस’ या स्पीकर-हेडफोनच्या कंपनीचे संस्थापक अमर बोस १९७८ साली झुरिकहून विमानाने परतत होते. कानाला हेडफोन लावले तर इंजिनाच्या घरघरीत संगीत धड ऐकू येईना. उलट्या लहरींचा आवाज सोडून आवाज मारायचं गणित त्यांनी त्याच प्रवासात कागदावर मांडायला घेतलं. हे हेडफोन सलग, खालच्या पट्टीतल्या आवाजावर सगळ्यात चांगले चालतात, आणि इंजिनाचा आवाज नेमका तसाच असतो. घरघर गेली की किती हलकं वाटतं, ते लावल्याशिवाय कळत नाही. झोपताना ते कानाला टोचत असतील तर साधे फोमचे बोळेही पुरतात.

अंगावर काय

सैल, मऊ, थरांवर थर. कंबरेला घट्ट काही नको: दाब कमी झाला की पोटातला वायू फुगतो, ८ हजार फुटांच्या दाबाला तो साधारण ३० टक्क्यांनी जास्त जागा व्यापतो. त्याच कारणाने आदल्या दिवशी कडधान्यं, कोबी आणि फसफसणारी पेयं कमी करा. बूट किंचित सैल हवेत. पाय सुजतात आणि सकाळी नीट बसणारा बूट उतरताना चढत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स लावत असाल तर त्या दिवशी चष्मा घाला. कोरड्या हवेत लेन्स डोळ्याला चिकटल्यासारखी होते.

दाब देणारे मोजे गुडघ्याखालपर्यंतचे घ्या, घोट्याशी घट्ट आणि वर सैल होत जाणारे. पाय सुजण्याआधी, म्हणजे घरून निघतानाच चढवा. पायांच्या धमन्यांचा आजार किंवा पायाला बधिरपणा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नका.

विमानतळावर

तीन तास आधी पोहोचा. धावत येऊन बसलेलं शरीर दोन तास शांत होत नाही. तपासणी झाली की बाटली भरून घ्या, आणि मग खुर्ची पकडण्याऐवजी चाला. पुढे बसायचंच आहे.

पहिला तास

बसल्याबरोबर घड्याळ पोहोचण्याच्या गावाच्या वेळेवर लावा. यापुढे कधी झोपायचं, कधी जागायचं हे त्या घड्याळाला विचारायचं. तिथे रात्र असेल तर जेवण आलं तरी दोन घास खाऊन डोळे मिटा. तिथे दिवस असेल तर डुलकीपुरतीच झोप घ्या.

हाताचा आधार, टेबल आणि पट्ट्याचं बक्कल ओल्या रुमालाने पुसा. हवेची काळजी करू नका. केबिनची हवा तासाला २० ते ३० वेळा बदलते आणि फिरवलेली हवा बारीक गाळण्यांतून जाते. डोक्यावरचा झरोका मंद चालू ठेवा, फक्त झोत चेहऱ्यावर नको. सीटचा मार्गिकेकडचा हात बऱ्याच विमानांत वर होतो. त्याचं बटण खालच्या बाजूला, बिजागरीजवळ लपलेलं असतं. बोटाने चाचपून बघा, पाय बाहेर काढून उठणं फार सोपं होतं.

पाणी, जेवण, मद्य

तासाला साधारण एक पेला पाणी, घोट घोट. लीटरभर एकदम पिऊन उपयोग नाही. कोरडेपणा मुख्यतः नाक, घसा, डोळे आणि कातडी यांना जाणवतो, म्हणून फवारा, थेंब आणि मलम पाण्याइतकेच कामाचे. कोरड्या हवेत आणि कमी दाबात खारट-गोड चव बोथट होते, त्यामुळे जेवण सपक लागतं. वरून मीठ घालू नका, पाय आणखी सुजतील. थोडं खा.

मद्याबद्दल मी ठाम आहे. घेतल्यावर झोप लागते, पण ती झोप चांगली नसते. जर्मनीतल्या संशोधकांनी निरोगी तरुणांना विमानाइतक्या कमी दाबाच्या खोलीत झोपवून पाहिलं. तो अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. झोपण्याआधी मद्य घेतलेल्यांच्या रक्तातला ऑक्सिजन साधारण ८५ टक्क्यांपर्यंत उतरला आणि हृदयाचे ठोके वाढले. ज्यांचं हृदय आधीच थकलेलं आहे त्यांनी तर ते टाळावंच. चहा-कॉफी चालेल, पण झोपायच्या सहा-आठ तास आधी शेवटचा कप.

पाय

पोटरीचे स्नायू आवळले की आतल्या शिरांतलं रक्त वर हृदयाकडे ढकललं जातं. बसून राहिलं की हा पंप बंद पडतो, रक्त साचतं, घोटे सुजतात आणि क्वचित गुठळी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार चार तासांहून लांबच्या प्रवासानंतर हा धोका सुमारे दुप्पट होतो. तरीही तो साधारण ६ हजारांत एकाला, म्हणजे घाबरायचं कारण नाही; पाय हलवायचं मात्र आहे.

जागे असाल तेव्हा दर तासाला: टाचा टेकवून चवडे वर, मग चवडे टेकवून टाचा वर, असं तीसेक वेळा. घोटे दोन्ही बाजूंनी गोल फिरवा. एकेक गुडघा छातीकडे ओढून धरा. दर दोन तासांनी उठून मार्गिकेत एक फेरी मारा आणि मागच्या मोकळ्या जागेत टाचा उचलून उभे राहा. पायावर पाय टाकून बसू नका. उंची कमी असेल तर सीटची कड मांडीखाली रुतते आणि पायाला मुंग्या येतात. पिशवी आडवी करून पाय त्यावर टेका, लगेच फरक पडतो. गुठळी होऊ नये म्हणून आपल्या मनाने ॲस्पिरिन घेऊ नका.

झोप

आधी दात घासा, तोंड धुवा, मोजे बदला. रोज झोपण्याआधी करतो तेच केलं की शरीराला खूण पटते. मग कंबरेच्या खोलगट भागात स्वेटरची गुंडाळी ठेवा, सीट मागे घ्या (मागच्याचं जेवण झालंय ना, हे बघून) आणि पाय पुढे सोडा. नालेच्या आकाराची उशी बहुतेक जण मानेच्या मागे लावतात. सीट पुरेशी मागे जात नसल्याने डोकं पुढेच पडतं आणि मान आखडते. ती उलटी फिरवून जाड भाग हनुवटीखाली घ्या. पट्टा ब्लँकेटच्या वरून बांधा, म्हणजे हेलकावे आले तरी तपासायला तुम्हाला कुणी उठवणार नाही. आणि तो झोपेतही बांधलेलाच हवा: निरभ्र आकाशातले हेलकावे न सांगता येतात, आणि जखमी होणाऱ्यांत पट्टा न बांधलेलेच जास्त असतात.

सलग आठ तासांचा हट्ट धरू नका. दीड-दोन तासांचे तीन तुकडे मिळाले तरी पुष्कळ. झोप लागली नाही तरी पट्टी लावून शांत पडून राहा, पडद्यावर चौथा सिनेमा लावू नका. झोपेच्या गोळ्या मी सुचवणार नाही. त्या घेतलेला माणूस तासन् तास हलत नाही. मेलाटोनिन (शरीराला रात्र झाल्याची खूण देणारं संप्रेरक) घ्यायचं झालं तर डॉक्टरांना विचारून, आणि घरी एकदा घेऊन पाहिल्यावर.

उतरताना कान

विमान उतरण्याच्या अर्धा तास आधीपासून खाली येऊ लागतं आणि केबिनमधला दाब वाढतो. कान आणि घसा जोडणारी नळी त्या वेळी उघडली नाही तर कानात दडे बसतात आणि कळ येते. गिळताना आणि जांभई देताना ती नळी उघडते. म्हणून त्या वेळी जागे राहा. झोपेत आपण फार कमी गिळतो. चघळायची गोळी तोंडात ठेवा, घोट घोट पाणी प्या. दडे बसलेच तर नाक चिमटीत धरून गिळा, नाहीतर तोंड मिटून अगदी हलकेच हवा कानांकडे ढकला. जोर लावू नका. सर्दी असेल तर नाक मोकळं करणारा फवारा उतरण्याच्या तासाभर आधी मारा. बाळाला याच वेळी पाजा किंवा चोखणी द्या. ते रडत असेल तर त्याचे कान दुखत असण्याची शक्यता मोठी.

पोहोचल्यावर

आता सगळं उजेडावर. सात वाजता उठणाऱ्या माणसाचं शरीर पहाटे चार-पाचला सगळ्यात थंड असतं. त्या क्षणानंतर डोळ्यांवर पडलेला उजेड घड्याळ पुढे सरकवतो, आधी पडलेला मागे. समजा तुम्ही आठ तास पूर्वेला गेलात. तुमची पहाटेची चार-पाचची वेळ तिथे दुपारी बारा-एक वाजता येते. म्हणजे तिथल्या सकाळी आठच्या उन्हात फिरायला गेलात तर घड्याळ उलट्या दिशेने जाईल. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत गडद चष्मा लावा, घरात राहा, आणि एकनंतर भरपूर उन्हात फिरा. पुढे रोज ही वेळ तासाभराने अलीकडे आणा. आठ तास पश्चिमेला गेलात तर हिशेब सोपा आहे: दुपारी आणि संध्याकाळी बाहेर राहा, डोळे मिटू लागले तरी तिथल्या नऊ-दहापर्यंत जागा.

दुपारी राहवलंच नाही तर गजर लावून वीस-पंचवीस मिनिटं पडा, तीनच्या आत. त्याहून जास्त झोपलात तर रात्री दोनला टक्क जागे व्हाल. त्या दिवशी स्वतः गाडी चालवू नका, महत्त्वाची सही किंवा बैठकही नको.

घोट्यांची सूज एक-दोन दिवसांत उतरते. रात्री पायांखाली उशी घ्या. पण एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, गरम किंवा लालसर झाली, तर प्रवासाचा शीण म्हणून सोडून देऊ नका आणि ती चोळूही नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत कळ आली, तर तडक रुग्णालयात जा. हा धोका प्रवासानंतर काही आठवडे राहतो, म्हणून महिन्याभरात असं काही झालं तर लांबचा विमानप्रवास केला होता हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा.